काकींच्या मापाची सीट

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे गोठा होता आणि त्या गोठ्यात गाय नव्हती, म्हैस नव्हती, एक छोटा ट्रॅक्टर होता. लाल रंगाचा, डाळिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढाच. त्याला गव्हाण होती, वर पंखा होता, धूळ बसू नये म्हणून गोणपाटाचा पडदा होता. आणि उजाडायच्या आत त्याच्याशी बोलायला मालक हजर असायचा. आधी पान्यांचा खणखणाट, मग हातोडी, मग लाडाच्या हिंदीत, "हां बेटा, अब बोल, कहाँ दुखता है?" मी झोपेच्या बाबतीत भारी तिरसट बाई. माझी झोपमोड करणाऱ्याला मी पांघरुणात तोंड खुपसून काय काय म्हणते, ते पोरांना शिकवण्यासारखं नाही.

माझी तेव्हा आटपाडीच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत बदली झाली होती. मी कृष्णाकाठची. आमच्याकडे पाणी एवढं की माणसं पाण्याला शिव्या देतात. इथं पाय ठेवला तर पहिल्याच दिवशी घरमालकीण म्हणाली, "बाई, हात धुतलेलं पाणी त्या आळ्यात टाका, लिंबाचं झाड हाय." कालव्याचं पाणी येऊन काही वर्षं झाली होती, माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या होत्या, तरी जुनी सवय कुणाची सुटली नव्हती. या घरमालकीणबाई म्हणजे काकी. बुटक्या, अगदी माझ्याच मापाच्या. कपाळावर गोंदण, कमरेला पदर कायम खोचलेला, आणि बोलणं असं तोडून की समोरच्याला पुढचं वाक्य सुचू नये.

घरमालक म्हणजे मेजर. या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्यात मोजमाप नाही. हे खरे तर वर्कशॉपमधले हवालदार. उभी नोकरी फौजेच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून काढलेली. उंच, ताडमाड, पिळदार मिशा, आणि खाकी हाफपँटच्या प्रत्येक खिशात पाने. चालायला लागले की बेंदराच्या बैलासारखे खुळखुळायचे. देवळात आरतीला आले तरी आधी मेजर ऐकू यायचे आणि मग घंटा.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. "बाई, माणसात खोट नसती. खोट फिटिंगमदी असती." हे वाक्य ते दिवसातून कितीदा म्हणायचे कोण जाणे. जगातलं कुठलंही दुःख त्यांच्या लेखी उंची, लांबी नाहीतर आटा ढिला असल्यामुळे झालेलं असायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. मी तिला रागवत होते, नेमके तेव्हा मेजर शाळेच्या नळाची चावी बघायला आले होते. ते दारात थांबले, मुलीकडं बघितलं, तिचे पाय बाकाखाली लोंबकळत होते ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पायाखाली लाकडाचा ठोकळा आला. अक्षर खरंच सुधारलं. मात्र हाच उपाय त्यांनी शेजारच्या सासूसुनेवर केला तो साफ फसला. दोघी नळावर रोज भांडायच्या. मेजर म्हणाले, नळ खाली हाय, वाकून वाकून कंबर दुखती, मग डोकं फिरतं. त्यांनी नळ वर घेतला. भांडण काही मिटलं नाही, आता दोघी ताठ उभ्या राहून भांडायला लागल्या.

माझ्यावरही प्रयोग झाला. सकाळच्या खणखणाटाबद्दल मी एकदा चांगलीच ओरडले, तर शांतपणे ऐकून घेतलं आणि काकींना म्हणाले, "बाईंच्या कॉटचा एक पाय तोकडा हाय वाटतं."

पण ही सगळी किरकोळ कामं. मेजरांचा खरा जीव त्या ट्रॅक्टरात, आणि ट्रॅक्टराच्या बाबतीत त्यांचा हट्ट एकच. तो काकींनी चालवायचा. सगळ्या वस्तीला हे माहीत होतं. काकी रोज नाहीच म्हणतात हेही सगळ्या वस्तीला माहीत होतं. आता दुसऱ्या कुणी नवऱ्यानं बायको ऐकत नाही म्हटल्यावर एकतर आवाज चढवला असता नाहीतर नाद सोडला असता. मेजरांचं तसं नाही. बायको बसत नाही म्हणजे ट्रॅक्टरात खोट आहे, आणि खोट आहे म्हणजे ती काढता येते, एवढं साधं त्यांचं गणित.

रोज सकाळी चहा घेताना ते विचारायचे, "बसतीस का आज?"

काकी भाकरी थापता थापता एकदाच ट्रॅक्टरकडं बघायच्या. "लय उंच हाय. माझा पाय पोचत न्हाई."

झालं. मेजर भंगारातून अँगल आणायचे, पायरी करायचे, पाय घसरू नये म्हणून वर सायकलच्या टायरचा तुकडा बसवायचे. पायरी झाली की पुन्हा विचारायचे. मग सीट कडक निघायची. मेजर सांगलीला जाऊन मोडीत निघालेल्या बसची सीट घेऊन यायचे आणि तिच्याखाली स्कूटरचा शॉकअब्सॉर्बर लावायचे. मग ऊन लागायचं, की पाइप वाकवून वर शेडनेटचं छप्पर. मग क्लच जड, की पायडल लांब. धूर तोंडावर येतो म्हटलं की सायलेन्सरला नळकांडं जोडून धूर पार वर, चुलीच्या धुराड्यासारखा. मागं अवजार अडकवलं की पुढचं तोंड उचलतं, "घोड्यागत उभा ऱ्हातोय गं बया," असं एकदा काकी म्हणाल्या, तर मेजरांनी तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून ठोकळा पाडला आणि तो ट्रॅक्टराच्या नाकावर बांधला. एका हातानं वळवता यावं म्हणून स्टिअरिंगला लाकडी लट्टू बसवला. तो लट्टू त्यांनी बाभळीचा केला आणि तासून तासून काकींच्या मुठीत बसेल असा केला. मूठ कधी मोजली म्हणाल, तर काकी लाडू वळत होत्या तेव्हा. मेजर शेजारी बसून लाडू मोजपट्टीनं मोजत होते. काकी म्हणाल्या, "आवं, खायाचा असतो त्यो."

सीटची उंची आणि अंतरही असंच, काकी जोंधळं निवडत पाटावर बसलेल्या असताना दोरा लावून घेतलेलं. तेव्हा सीट पार पुढे सरकली आणि मेजरांनी ती तिथंच वेल्डिंग करून टाकली. आणि चालवत होतं कोण? मेजर! तो एवढा उंच माणूस त्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून, पोरांच्या तीनचाकी सायकलवर बसल्यासारखा बागेतून फिरायचा. संध्याकाळी कंबर धरून उतरायचा. मी म्हटलं, "काका, सीट मागं घ्या की. काकी बसतील तेव्हा पुढे करता येईल."

"न्हाई बाई. शीट तिच्या मापाचं हाय. मी टेम्परवारी हाय."

मोबाइलवर ते अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे. तिकडं म्हणे घराभोवतीचं गवत कापायला असेच छोटे ट्रॅक्टर असतात आणि सुट्टीच्या दिवशी माणसं त्याला काही ना काही जोडत बसतात. मेजर आवाज बंद करून बघायचे. "बोलणं कशाला ऐकायचं? हात बघायचे." एकदा मला हाक मारून दाखवलं, एका गोऱ्यानं स्टिअरिंगशेजारी कॉफीचा मग ठेवायला कडी केली होती. मेजर उसळून म्हणाले, "आन् आमचा तांब्या काय पाप करून आलाय व्हय?" दुसऱ्या दिवशी तांब्याची कडी तयार. पहिल्याच सरीला तांब्यातलं सगळं पाणी मेजरांच्या मांडीवर. ओल्या हाफपँटीनं घरी आले तेव्हा काकींनी तोंडाला पदर लावला. मग तांब्याला झाकण आलं, झाकणाला रबर आलं.

साडीची गोष्ट मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. काकी एकदा म्हणाल्या की ट्रॅक्टराच्या मागं तो दांडा फिरतो, फवारणीचा पंप चालवणारा, त्यात पदर अडकला म्हणजे? हे खोटं नव्हतं. असे अपघात होतात. मेजर गंभीर झाले. त्यांनी जाड पाइप उभा कापून त्या दांड्यावर कवच बसवलं. पण कवच बसवलं म्हणजे झालं का? तपासणी नको?

मी सकाळी दात घासत दारात आले तर अंगणात ट्रॅक्टर चालू, आणि वर मेजर, काकींची जुनी हिरवी साडी नेसून. मिशा तशाच, वर पदर. खाली हाफपँटीच्या खिशात पाने खुळखुळतायत. ते चढत होते, उतरत होते, मागं वळून बघत होते, मुद्दाम पदर उडवत होते. माझ्या तोंडातला फेस माझ्याच नाकात गेला. खदखदून हसणाऱ्या माणसांनी शेजारची भिंत भरली. भावकीतला एक जण ओरडला, "मेजर, हळदीकुंकवाला कवा येताय?" मेजर ढिम्म. त्यांनी दोन गोष्टी शोधून काढल्या. एक, पायरीचा कोपरा निऱ्यांत अडकतो. दोन, गिअरचा दांडा काष्ट्याला लागत नाही पण गोल साडीला लागतो. तिथल्या तिथं कानस घेऊन कोपरा गोल करायला बसले, साडी नेसूनच.

काकी ओसरीवरून म्हणाल्या, "पदर तरी नीट घ्या. माणसं बघत्याती."

मी हसले, पण त्या संध्याकाळी मला राग आला. काकींचा. एवढं कुणी माझ्यासाठी केलं असतं तर मी त्या ट्रॅक्टरवर संसार थाटला असता! मी मेजरांना सरळ विचारलं, "काका, त्यांना नाही चालवायचं तर नाही. तुम्ही का एवढा जीव काढता?"

ते पायरीवर बसले होते. कापसानं पाना पुसत होते.

"तुमच्याकडं काय हाय ठावं न्हाई, बाई. हिकडं बाईनं औत धरायचं नसतंय. खुरपायचं तिनं, काढायचं तिनं, मळायचं तिनं. पर पेरायच्या पाभरीला हात लावला की पाऊस रुसतो म्हणायची माणसं. मी फौजेत. पोरगं आता फौजेत हाय, तवा ल्हान हुतं. हस्ताचा पाऊस पडला की ही भावकीच्या दारात जाऊन उभी ऱ्हायची, गडी बैल द्या म्हणून. ते म्हणायचे, आमचं झालं की तुमचं. आता रान वापशावर असतंय किती? ना चिखल, ना कोरडं, असं रान लय टिकत न्हाई. त्येंचं हुईस्तवर हिचं रान वाळून जायाचं. मग शाळू उगवायचा, त्यो असा, म्हाताऱ्याच्या दातागत."

त्यांनी पाना उलटा करून दुसरी बाजू पुसायला घेतली. 

"एका साली मी रजेवर आलो. बघतो तर दोन्हीकडं भावकीचा शाळू डोक्याएवढा आन् मधी आमचं रान उघडं. मी हिला चार माणसात म्हणलो, तुझ्यानं एवढंबी हुईना व्हय? ही काय बोलली न्हाई. भाकरी वाढली. मागनं आईनं सांगितलं मला सगळं. तवा रजा संपली हुती." त्यांनी पाना खिशात टाकला. "त्या दिवशी मी माणसात खोट काढली, बाई. खोट फिटिंगमदी हुती. हिच्या हातात औत न्हवतं, ही खोट. आता ट्रॅक्टर काय औत न्हवं. औताला देवाचा नियम, ह्याला कंपनीचा. म्हणून म्हणतो, हिनं बसावं. परत कुणाच्या दारात जाऊ नये."

"पण तुम्ही आहात की आता. दारात जायची वेळच कशाला येईल?"

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं विझत चाललं होतं. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं हळूहळू जाईल, औषधानं फार तर थोडं थोपवता येईल. मला एकदम आठवलं, आताशा ते बाजूला ठेवलेला पाना माझ्याकडून मागून घ्यायचे, आणि मी चिडून म्हणायचे, शेजारीच तर आहे की.

"काकींना सांगितलंत?"

"ती बसली की सांगणार. आदी सांगितलं तर दयेनं बसंल. दयेनं बसलेलं माणूस नीट गाडी चालवत न्हाई. तवर तुमीबी बोलायचं न्हाई, शब्द द्या."

आता सांगा, असलं गुपित पोटात घेऊन त्याच घरात मी कशी राहायची? सकाळी चहाला "बसतीस का आज?" ऐकू आलं की मी चहा अर्धा टाकून शाळेची पिशवी उचलायची. काकी म्हणायच्या, आरसा बारका हाय. काकी म्हणायच्या, हॉर्न लय मोठ्यानं वाजतो. आणि मेजर अंदाजानं डावीकडची भिंत चाचपत गोठ्यात शिरायचे. मला वाटायचं ओरडून सांगावं, अहो बसा की एकदाच्या, त्यांच्याकडे वेळ नाही! पण शब्द दिला होता.

त्या वर्षी हस्तानं चांगला हात दिला. बागेमागचा एक तुकडा मेजरांनी शाळूला ठेवला होता. रान वापशावर आलं आणि सगळी वस्ती रानात उतरली. रविवार होता, मी चहाची किटली घेऊन गेले होते. मेजरांनी ट्रॅक्टराला मागं पाभर जोडली होती आणि गुडघे हनुवटीला लावून पेरणी चालली होती. समोर सगळं ठीक. पण शेवटाला वळायची वेळ आली. डावीकडं बांध, आणि बांधापलीकडं खोल ओघळ.

वळता वळता डावं चाक बांधावर चढलं. ट्रॅक्टर कलला. चारी बाजूंनी माणसं ओरडली, "मेजर, डावीकडं! डावीकडं बघा!" बघणार कसे? ब्रेक मात्र त्यांनी करकचून दाबला. ट्रॅक्टर ओघळीच्या तोंडावर तसाच तिरका थांबला. माझ्या हातातली किटली कुठं पडली मला आजही आठवत नाही. मेजर स्टिअरिंग धरून बसून राहिले. मान ताठ, समोर नजर. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

शेजारच्या रानातून चुलत भाऊ म्हणाला, अगदी चांगल्या मनानं म्हणाला, त्याचा दोष नाही, "ऱ्हाऊ द्या मेजर. आमचं झालं की तुमचं करतो."

काकी दुसऱ्या टोकाला बियाण्याची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाटी खाली ठेवली. पदर खोचलेलाच होता, तो परत खोचला. ढेकळांतून सरळ चालत आल्या आणि ट्रॅक्टरशेजारी उभ्या राहिल्या.

"उतरा."

"अगं, तिरका हाय त्यो, थांब जरा..."

"उतरा म्हणते न्हवं."

मेजर चाचपत खाली आले. काकी त्या गोल कोपऱ्याच्या पायरीवरून वर चढल्या, बसल्या, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. चाक बांधावरून अलगद खाली आलं. मग दांडा ओढून पाभर जमिनीत सोडली आणि निघाल्या. सरळ. बाजूच्या सरीला धरून, एक वीत इकडं नाही की तिकडं नाही. मी तोंड उघडं टाकून बघत होते. भावकीतली माणसं मात्र दचकली नाहीत, उलट एकमेकांकडं बघून हसत होती. ते का हसतायत हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बांधावर बसलेली एक म्हातारी हात ओवाळून ओरडली, "अगं ए, पाऊस रुसंल गं!"

काकी इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "रुसू द्या! आता कालवा हाय!"

फेरी मारून त्या परत बांधापाशी आल्या. मेजर तिथंच उभे होते, हात मागं, फौजेत उभे राहायचे तसे. एवढ्या वर्षांनी बायको ट्रॅक्टरवर बसली होती, तेही सगळ्या गावादेखत त्यांना उतरवून. मला वाटलं, आता हा माणूस रडेल नाहीतर चिडेल. मेजरांनी विचारलं, "शीट कसं हाय?"

"टोचतंय," काकी म्हणाल्या आणि ट्रॅक्टर वळवला.

मेजर माझ्याकडं वळले. चेहरा असा की छातीवर पदक लावलंय. "टोचतंय म्हणली," ते म्हणाले. मला रडू फुटलं. उभ्या रानात, भावकीच्या पुढ्यात मी पोरीसारखी रडले.

पुढं माझी बदली माहेरच्या बाजूला झाली. उसाच्या, पाण्याच्या गावात परत आले. सकाळी शांतता असते आणि मला झोप लागत नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत उठले आणि आटपाडीची बस धरली.

काकी रानातच होत्या. ट्रॅक्टर डाळिंबातून फिरत होता, फवारणी चालली होती. मेजर बांधावर काळा चष्मा लावून बसले होते. आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच कळतो. मी हाक मारायच्या आधीच म्हणाले, "कोण? बाई का? चप्पल तीच हाय." मग ट्रॅक्टराच्या आवाजाकडं कान लावून म्हणाले, "तिसऱ्यात टाकलाय बघा. चढाला दुसरा पायजे." मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. खिसे तसेच खुळखुळत होते.

फवारणी उरकून, ट्रॅक्टर अंगणात लावून काकी मला चहाला आत घेऊन आल्या. चूल पेटवता पेटवता मी अखेर विचारलंच. "काकी, त्या दिवशी पहिल्यांदा बसलात आणि पेरणीचं तास एवढं सरळ कसं?"

"पयल्यांदा?" काकी हसल्या. "ह्ये महिन्याला फौजेच्या कँटीनला जायाचे साताऱ्याला. ह्यांची बस फाट्यावरनं हालली की मी ट्रॅक्टर भाईर काढायची. तुमी शाळंत, बाकी सगळी वस्ती बघायची. एकानं सांगितलं न्हाई ह्यास्नी. समद्यास्नी मी तंबीच दिली हुती."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "मग बसायचं होतं की त्यांच्या समोर! किती आस लावून बसले होते ते! तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांचं..."

"ठावं हुतं."

"कधीपासून?"

"तांब्या डाव्या अंगाला ठेवला की त्यास्नी घावायचा न्हाई. बायकूला डाक्टर लागतुया व्हय?" त्यांनी चहात गूळ टाकला. "बाई, पेन्शनीत आलेली माणसं बघितली मी हितं. सकाळी पारावर, दुपारी पारावर, सांजच्याला बाटली. ह्यास्नी फौजेनं एवढंच शिकवलं, खोट काढायची. ट्रॅक्टर नवाकोरा. त्यात खोट कुठली? मग मी काढून द्यायची. रोज इचार करायला लागायचा मला, आज काय सांगू. भाकरी थापताना त्योच इचार. मी बसले असते तर त्यांची डुटी संपली असती. डुटी संपलेला माणूस लवकर आंधळा हुतो."

 चहा उतू गेला आणि दोघींनी एकदमच पातेल्याला हात घातला.

बाहेर आलो तर मेजर ट्रॅक्टरशेजारी उभे. अंदाजानं बॉनेटवर हात फिरवत होते. काकींनी माझ्या पाठीला हलकेच ढकललं. मेजर म्हणाले, "बाई, तुमी हिच्याच मापाच्या. एकदा बसा बरं. ही आता सवयीनं बसती, हिला कळत न्हाई. तुमी सांगा काय कमीजास्त."

मी चढले. पायरी पायाखाली आपोआप आली. सीटनं मला अशी कुशीत घेतली की उठूच नये. लट्टू मुठीत बसला. क्लच हलका, ब्रेक पायाशी, छपराची सावली नेमकी तोंडावर. कुठं म्हणून कुठं काही कमी नव्हतं. खाली मेजर मान वर करून, डोळे भलतीकडेच लावून, वाट बघत होते. काकी माझ्याकडं बघत नव्हत्या, उगीच पदराचं टोक झटकत होत्या.

"ब्रेक जरा लांब पडतोय, काका," मी म्हणाले.

 मेजर मिशीत हसले. "तुमीबी व्हय, बाई?" म्हणाले, आणि खिशात पाना शोधायला लागले.